रजेआधी खुर्चीला विचारा

तुम्ही हसाल, पण आमच्या शाळेत एक नियम होता आणि तो का आहे हे विचारायचं नाही, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आजारपणाची रजा हवी असेल तर आधी शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीची परवानगी घ्यायची.

मीही हसले होते. पण जयेंद्रगंजातल्या त्या शाळेत मास्तरीण म्हणून रुळायच्या आतच मला हिवताप भरला. दात वाजत होते, तशीच मोठ्या बाईंसमोर उभी राहिले.

"रजा देते," त्या म्हणाल्या, "पण खुर्चीला हात लावून विचार."

"खुर्चीला काय कळतं, बाई?"

म्हातारे कारकून नाना हळूच म्हणाले, "पोरी, वाद नको. तुझ्यासारखीच नवी मास्तरीण होती. अंगात ताप घेऊन शिकवत होती, त्या खुर्चीतच गेली. तिला न विचारता कुणी रजेवर गेलं की ती रागावते."

वैतागून मी हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. थंडीचे दिवस, खोलीत ऊन नाही, माझे हात गार पडलेले. तरी ती बैठक कढत होती, तापलेल्या अंगासारखी.

"पटलं?" नाना म्हणाले. "माग आता."

"नाही मागणार. एवढ्या तापात ती शाळेत आली कशाला? रजा मागितली असेल ना तिनं? मग नाही कोण म्हणालं?"

मोठ्या बाईंनी नानांकडे पाहिलं. नानांनी मान खाली घातली. मोठ्या बाईंनी खुर्चीकडे पाठ फिरवली आणि माझी रजा लिहून दिली.