होडीचं सूप

विठ्ठल म्हणा, विठ्ठल! अहो, जरा मोठ्यानं. जेवणं झालेली दिसतात, पण आवाज कुठं गेला? पंगतीत "वाढा" म्हणताना तर चांगला चढला होता.

हां, आता कसं.

मंडळी, आज मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. सोपा आहे, शाळेतल्या पोरालाही कळेल. ज्या माणसाचं काम संपलं, त्याचं देणं संपतं का? एखाद्यानं आपल्याला वर्षानुवर्षं उपयोग दिला. मग काळ बदलला, सुधारणा आली, त्याची गरज उरली नाही. आता त्याचं आपल्यावर काही आहे की नाही?

माना हलवू नका एवढ्यात. आधी गोष्ट ऐका.

एक नदी होती. नाव तुमच्या मनातलं घाला. नदीच्या अलीकडं कोळगव्हाण, पलीकडं मोहटं. कोळगव्हाणला जमीन कशी? काळीभोर! काठी रोवली तर तिला पालवी फुटेल. जोंधळा असा यायचा की माणूस आत शिरला तर हाक मारून बाहेर काढावा लागायचा. पण नुसती जमीन असून गाव मोठं होतं का हो? बाजार मोहट्याला. दवाखाना मोहट्याला. सातवीच्या पुढची शाळा मोहट्याला. एसटी तीसुद्धा मोहट्यालाच यायची. का? डांबरी रस्ता त्या अंगाला होता. जिकडं रस्ता, तिकडं बाजार. जिकडं बाजार, तिकडं डॉक्टर. आणि जिकडं डॉक्टर, तिकडं पोरी देतात! खरंय की नाही, हो अण्णा? कोळगव्हाणच्या पोरांची लग्नं रखडायची ती पत्रिकेमुळं नव्हे, नदीमुळं.

मास्तरांच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. त्यात कोळगव्हाण आणि मोहटं यांच्यात बोटभर अंतर. आणि श्रावणात? श्रावणात मुंबई जवळ आणि मोहटं लांब. नकाशाला पूर येत नाही, मंडळी.

मग ही माणसं पलीकडं जायची कशी? तर रखमाजी भोई. त्याची होडी. त्याच्या बापाची होडी, आज्याची होडी. रखमाजी बारीक अंगाचा, तोंडानं फटकळ. होडीत कुणी उभं राहिलं की म्हणायचा, "बसा खाली, देवळात नाही आलात." पण एक नेम होता त्याचा. पलीकडच्या काठावरून "होऽऽ होडीऽऽ" अशी हाक आली की निघायचं. जेवत असला तर ताट बाजूला. अंगात ताप असला तर घोंगडी पांघरून. नदी वाट देते तोवर हाकेला ओ दिली नाही असं कधी झालं नाही.

आणि भाडं किती? विचारा की! भाडं नाही. गावाकडून एक पैसा घ्यायचा नाही. सुगीला खळ्यावर जोंधळ्याची रास पडली की आधी एक सूप भरून बाजूला ठेवायचं. त्याचं नाव होडीचं सूप. रखमाजी यायचा, धोतराच्या ओच्यात दाणे घ्यायचा, राशीला हात जोडायचा. मग मालकानं रास उचलायची. होडीचं सूप दिल्याशिवाय रास हलवायची नाही, ही गावची रीत.

बरं. पुढं काय झालं? पूल मंजूर झाला!

आता तुम्ही म्हणाल, महाराज, रखमाजी आडवा आला असेल. पोटावर पाय येतोय म्हटल्यावर कोण गप्प बसेल? मंडळी, इथंच आपण माणसाला ओळखत नाही. ग्रामसभेत पहिला हात रखमाजीनं वर केला. सरपंच भगीरथराव म्हणाले, "अरे, तुझी होडी बंद पडेल." तेव्हा रखमाजी म्हणाला, "पडू द्या. पुरात पलीकडून हाक येते, मला ऐकू येते आणि जाता येत नाही. ती हाक ऐकून बघा एकदा घरात बसून."

झाला पूल. दसऱ्याच्या सुमाराला उद्घाटन ठरलं. मांडव कोळगव्हाणच्या अंगाला, फीत कोळगव्हाणच्या अंगाला, बँडवाले कोळगव्हाणच्या अंगाला. आणि पाहुण्या? पंचायत समितीच्या सभापतीबाई. त्यांची गाडी आली डांबरी रस्त्यानं. म्हणजे कुठं? मोहट्याच्या अंगाला!

आता आली का पंचाईत? फीत कापायच्या आधी पुलावर पाय ठेवायचा नाही. आणि फीत कापायला पुलावरून यायला पाहिजे! भगीरथराव म्हणतात, "येऊ द्या की गाडी." गावातली जाणती म्हणतात, "अपशकुन होईल, वर्षात खांब खचेल." अर्धा तास वाद. बँडवाल्यांची गाणी संपली, त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. शेवटी तोडगा निघाला. अहो, काय तोडगा असेल? बरोब्बर. रखमाजीला बोलवा!

पुलाचं उद्घाटन करायला पाहुण्या आल्या होडीतून. हसताय? गावही हसलं. होडीत सभापतीबाईंनी विचारलं, "बाबा, तुमचं भाडं काय?" रखमाजीनं सुपाची रीत सांगितली. बाई म्हणाल्या, "आणि आता पूल झाल्यावर?" रखमाजी म्हणाला, "बाई, जरा गप बसा, इथं भोवरा आहे."

भोवरा होता, मंडळी. नदीत होता की त्याच्या पोटात होता, ते मला विचारू नका.

फीत कापली. भगीरथरावांनी आभार मानले. इंजिनियरांचे मानले, मांडववाल्याचे मानले, सभापतीबाईंच्या ड्रायव्हरचेसुद्धा मानले. रखमाजी मागं उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. कुणी मुद्दाम टाळलं का? छे हो. मनातच आलं नाही.

आणि सुधारणा झाली. खरंच झाली! खोटं कशाला बोलू, देवाच्या दारात उभा आहे. दूध डेअरीला जाऊ लागलं. ऊस कारखान्याला जाऊ लागला. पोरी सायकलवर शाळेला जाऊ लागल्या. बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचू लागली. पुलाला नावं ठेवील त्याच्या तोंडात साखर नको, माती पडो.

फक्त नदीकाठची हाक बंद झाली. रखमाजी सकाळी होडीत जाऊन बसायचा. होडीतलं पाणी उपसायचा. दुपारी घरी यायचा. त्याची बायको पारू एक दिवस म्हणाली, "सुगी आली. खळ्यावर जाणार ना?" तो म्हणाला, "कशाच्या तोंडानं जाऊ? पूल झाल्यापासून कुणाला उतरवलं मी? कामाशिवाय सूप घेतलं तर ती भीक झाली. वीटभट्टीवर माणसं घेतात म्हणे. चल, जाऊ."

आता गावात एक सारजाबाई होती. नवरा लवकर गेलेला, जमीन स्वतः कसायची, पोरगा उत्तम हाताशी आलेला. तिचं खळं नदीच्या अगदी कडेला. त्या वर्षी पहिली रास तिची पडली. पांढरीशुभ्र, मोत्यासारखी. आणि वर आभाळ भरून आलेलं. अवकाळी! मळलेल्या जोंधळ्यावर पाऊस पडला तर काय होतं, हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. दाणा काळा पडतो, वर्षाची भाकरी जाते.

उत्तम पोती घेऊन उभा. सारजाबाईनं सूप भरून बाजूला ठेवलं आणि बसली.

"आई, उचलू या ना."

"होडीचं सूप जाऊ दे आधी."

"अगं, पूल झाला. आता कसलं होडीचं सूप? सरपंचसुद्धा म्हणाले, रीत संपली."

"सूप मी नदीला देत नव्हते, माणसाला देत होते. आणि भगीरथरावांना सांग, माझा उत्तम पुलावर नाही जन्मला."

कुठं जन्मला? होडीत! पूर चढू लागलेला, भर दुपारी, नदीच्या मध्यावर. जाऊबाई सोबत होती म्हणून निभावलं. रखमाजी पाठ फिरवून वल्हं मारत होता आणि मोठमोठ्यानं नदीला दम देत होता, "थांब म्हणतो ना, एक जीव येतोय."

उत्तम धावत रखमाजीच्या घरी गेला. दाराला कुलूप! परत आला. "आई, ते गाव सोडून चाललेत." सारजाबाई उठली, काठावर आली. पाहते तर होडी पलीकडच्या काठाला बांधलेली. हाताशी पूल असताना हा गडी होडीनं उतरून गेला होता. त्यानं त्या पुलावर पाय ठेवलाच नव्हता! आणि पलीकडं पुलाच्या तोंडाशी, जिथं आता एसटी थांबायची तिथं, दोन माणसं. पायाशी गाठोडं. एसटी येऊन उभी राहिलेली.

आभाळ गडगडलं. उत्तम म्हणाला, "आई, रास भिजंल." सारजाबाई जुन्या उतारावर गेली. जिथं पूर्वी उभं राहायचं तिथं. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, "होऽऽ होडीऽऽ!"

पलीकडं पारू एसटीत चढली होती. रखमाजीचा एक पाय पायरीवर, हात दांडीवर. कंडक्टर म्हणतोय, "चढा बाबा, पाऊस येतोय." आणि ही हाक आली.

मंडळी, काय केलं असेल त्यानं? विचार करायला वेळ होता कुठं? जन्मभर जे पाय वळले ते वळले. तो धावत उताराला आला, दोर सोडला, वल्हं मारलं. पारू गाठोडं घेऊन खाली उतरली. ती मात्र पुलावरूनच आली, शहाणी बाई.

होडी लागली. रखमाजी धापा टाकत म्हणाला, "वहिनी, बसा. कुठं जायचं? दवाखाना का?"

"कुठं नाही जायचं, दादा. सूप घ्या. माझी रास अडलीय."

रखमाजीचं तोंड उतरलं. "वहिनी, मी काम केलेलं नाही. मी घेणार नाही."

"हाक मारली, आलात का नाही?"

"आलो."

"मग? दादा, आम्ही पाण्यावरून जायचे दाणे देत नव्हतो. हाक मारली की माणूस येतो, त्याचे देत होतो. तुमचं काम झालं. धरा ओचा."

रखमाजीनं धोतराचा ओचा पुढं केला. दाणे पडत होते आणि तो लहान मुलासारखा रडत होता. उत्तमनं त्याचे पाय धरले. मग तिघांनी मिळून रास भरली, पारूही आली हाताला. शेवटचं पोतं छपरात गेलं आणि पावसाचा थेंब पडला.

पाऊस सरला, गावातल्या बाकीच्या राशी पडल्या, पण एकही रास हलली नाही. प्रत्येक खळ्यावर सूप भरून ठेवलेलं. भगीरथराव स्वतः रखमाजीला बोलवायला गेले. काय बोलले असतील? "चुकलं बाबा," एवढंच.

आता एखादा हिशोबी माणूस म्हणेल, महाराज, सुपानं जन्म जातो का? नाही जात. गावानं पुढच्या वर्षी रखमाजीला नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी लावून दिली. शेणखत प्रत्येक घरानं घातलं. टरबुजं झाली गोड, आणि टेम्पोत बसून शहराला गेली. कशावरून गेली? पुलावरून! ज्या पुलानं होडी बसवली, त्याच पुलानं वाडी उठवली. रखमाजी जाता-येता पुलाच्या कठड्याला हात लावून नमस्कार करायचा. मला विचाराल तर गाव सुधारलं ते खळ्याखळ्यावर सूप भरून ठेवलं त्या दिवशी. पूल झाला तेव्हा नुसता रस्ता झाला होता.

संपली गोष्ट. आता तुमच्याकडं वळतो. पळू नका, प्रसाद अजून वाटलेला नाही.

तुमच्या गावात आरोग्य केंद्र झालंय. येताना पाहिलं, छान इमारत, दारात रुग्णवाहिका. देवाची कृपा. पण या मांडवात पन्नाशीच्या पुढचे जे बसलेत, त्यांनी सांगावं, तुम्ही जन्मलात तेव्हा ही इमारत होती का? मग तुम्हाला जगात पहिल्यांदा कुणी हातात घेतलं?

कोण म्हणालं? भागाबाई सुईण? आहेत अजून? वा! कुठं बसल्यात? बायांत आहेत का?

नाहीत?

दिसत नाही त्यांना आता. बरं. ओढ्यापलीकडं राहतात. बरं. आजच्या सप्त्याचं आमंत्रण कुणी दिलं होतं? माझ्यासारख्या परगावच्या माणसाला तीन वेळा फोन केलात. त्यांना?

असू द्या. खाली बघू नका. मी रागवायला नाही आलो, तुमचंच अन्न खाऊन उभा आहे. तुम्ही माझ्या गळ्यात हा हार घातलात, तो मी काढून इथं ठेवतो. तबक खाली ठेवा, आरती थांबू द्या. त्या माऊलीनं ज्यांना ज्यांना हातात घेतलं, त्यातल्या कुणीतरी आज तिचा हात धरून तिला इथं आणावं. तोवर आम्ही नाम घेतो. मृदंगवाले, चला.

अहो पाटील, तुम्ही कुठं निघालात? आणायला? मग अनवाणी कशाला, ओढ्यात काटे आहेत. चपला घाला आणि सावकाश घेऊन या. आम्ही थांबलोय.