काळ्या खळ्यावरचं भात

बसा. मागे उभे आहात त्यांनीही पुढे येऊन सतरंजीवर बसा. आज मला सगळे बसलेले हवेत. का, ते शेवटी सांगतो.

मंडळी, हौसाआत्या गेली. देवळाच्या या मंडपात मी रस्त्यासाठी बोललो, पाण्यासाठी बोललो, जमिनीसाठी तर घसा बसेपर्यंत बोललो. शब्द कधी शोधावा लागला नाही. आज माईक जड वाटतोय. कारण याच माईकवरून मी आत्याला एकदा गप्प बसवलं होतं.

समोर आत्याचा मुलगा आहे, सून आहे, नाती आहेत. आणि खुर्चीवर, शेजारी कुबडी ठेवून, दहिवलीच्या गॅरेजवाल्यांचा इम्तियाज बसलाय. इम्तियाज, मी बोलणार आहे ते मुख्यतः तुला.

आजच्या पोरांना डोंगराखालचा तो डांबरी गोल रस्ता म्हणजे मोबाईलवर रील काढायची जागा. डांबर फाटून गवत वर आलंय. पण तिथे मोटारसायकलच्या शर्यती व्हायच्या. मुंबईच्या एका शेठने आपली भातखाचरं मातीमोल भावाने घेतली आणि ट्रॅक बांधला. दर थंडीत भोंगे लागायचे, वडापावच्या गाड्या लागायच्या. आपण शेठला शिव्या द्यायचो आणि चिंचेवर चढून शर्यतही बघायचो.

आणि भाताची झोडणी झाली की त्याच ट्रॅकवर भात वाळत घालायचो. अंगणात तीन-चार उन्हं लागायची, डांबरावर एका उन्हात दाणा खडखडीत. बायका ट्रॅकला काळं खळंच म्हणायच्या. शेठचा मॅनेजर कुरकुरायचा, पण अडवत नसे. त्याची अट एकच. शर्यतीआधी भात उचला आणि ट्रॅक झाडून द्या.

त्या वर्षी आपण उचललं. सरळ पट्टा झाडला. चिंचेच्या वळणापर्यंत येईतो दिवस कलला. कोणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ दे रं, चिमण्या खातील." आपण हसलो आणि घरी गेलो.

चिमण्यांनी खाल्लं नाही. सकाळी पहिल्याच शर्यतीत इम्तियाजची गाडी त्या दाण्यांवरून घसरली.

पुढचं ऐका. इम्तियाजला टेंपोत घालत होते, तेव्हा आपल्या हातात खराटे होते. होय, खराटे! पोरगा विव्हळत होता आणि आपण वळण झाडत होतो. पोलीस आले. म्हणाले, रस्त्यावर काही सांडलं होतं का? आपण म्हणालो, काही नाही. एकटी आत्या खराटा टाकून टेंपोच्या मागे धावली.

मग इथेच ग्रामसभा झाली. आत्या उभी राहिली. म्हणाली, "भात आपलं व्हतं. शेठचं काय चुकलं ते नंतर बघा. आधी त्या पोराच्या घरी जाऊन खरं सांगा."

मी काय केलं? म्हणालो, "आत्या, तुला धक्का बसलाय. तू बस." ती बसली. मग मी शेठच्या पैशावर बोललो, त्याच्या बेफिकिरीवर बोललो, माणसाच्या हाडांवर उभ्या असलेल्या करमणुकीवर बोललो. तुम्ही टाळ्या वाजवल्या. आपण ट्रॅक बंद पाडला.

तो बंद पडल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. जमीन लुबाडली गेली होती, आपलं भांडण खरं होतं. मग खऱ्या भांडणाला खोटं का लागलं? एका पोराचा मोडलेला पाय मी भाषणात का वापरला? आणि गावोगाव लोक म्हणत राहिले की इम्तियाजला गाडीच आवरता आली नाही. ते ऐकूनही आपण का गप्प राहिलो?

दर सुगीला आत्या मला विचारायची, "नाना, कदी सांगशील रं?" मी म्हणायचो, "योग्य वेळ येऊ दे." गेल्या महिन्यात ती अंथरुणावरून म्हणाली, "माझ्या मागनं सांगशील व्हय? बरंय. मंग मला तुझं भाषण ऐकावं नाय लागणार." हसली. मीही हसलो, आणि उठून घरी आलो.

काल स्मशानाच्या फाटकाशी इम्तियाज भेटला. म्हणाला, "नाना, आत्या दरवर्षी नवा तांदूळ घेऊन यायची. मी म्हणायचो, बिर्याणी कधी करायची? ती म्हणायची, तू उभा राहून कर, मंग खाते." मग म्हणाला, "तिच्या एकटीच्या भाताने झालं. पण मी कधीच माफ केलं होतं हो तिला."

एकटीच्या!

ऐकलंत? आत्याने त्याच्या घरी जाऊन सांगितलं होतं, भात माझं होतं. तुमचं नाव नाही, माझं नाव नाही. इम्तियाज, आत्याचं भात त्या वळणावर नव्हतंच रे. तिचं सरळ पट्ट्यावर होतं, आणि तिने दाणा न दाणा उचलला होता. वळणावर होतं ते आमचं. तू ज्या माणसाला माफ केलंस, त्याचा गुन्हाच नव्हता. ज्यांचा होता ते तुझ्यासमोर सतरंजीवर बसलेत.

अशा सभेत शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची रीत आहे. त्या वळणाबद्दल आपण इतकी वर्षं स्तब्धच होतो. म्हणून आज सगळ्यांनी उठायचं नाही. त्या दिवशी चिंचेच्या वळणावर ज्यांचं भात होतं, तेवढ्यांनीच उठायचं. तो माणूस आज हयात नसेल, तर त्याच्या घरातल्याने उठायचं. इम्तियाजला चेहरे दिसू द्या.

आत्याच्या घरच्यांनो, तुम्ही बसून राहा. तुमचं तिथे काही नव्हतं.

मी उभाच आहे.