सुनेच्या नावाची गोळी

नाही, कमरेचंच असेल, मी कुठे नाही म्हणते? पण तुम्हाला सांगते, कंबर दुखणारं माणूस निदान कण्हतं तरी, बाम कुणी हलवला म्हणून घर डोक्यावर घेतं, सुनेला दोन शब्द सुनावतं... आमच्या सासूबाई, ठमाबाई, यातलं काही म्हणजे काही करायच्या नाहीत! भिंतीकडे तोंड करून पडायचं, हाक मारली की हूं म्हणायचं, संपलं. आणि सासऱ्यांना विचारावं तर ते अंगणातून, मान वर न करता, "कमरेचंच हाय ते."

मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली. मे महिन्यात लग्न झालं आणि वरंधच्या अलीकडे एका वाडीत येऊन पडले. माझ्या मावशीने आधी चौकशी केली होती, मुलगा चांगला, शुभम नाव, मुंबईला कामाला, फक्त सासूचं तोंड फार. फार म्हणजे किती? तर यांची कोंबडी शेजारच्या गोमाजीकाकांच्या अंगणात गेली की भांडण गोमाजीकाकांशी, आणि ती आपल्या पायांनी परत आली तरी भांडण गोमाजीकाकांशीच. मी पडले अबोल, आता तुम्हाला धरून बसलेय ती गोष्ट वेगळी, तेव्हा मी आपली ठरवूनच आले होते की सगळं ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही. आणि इथे येऊन बघते तर ऐकायलाच काही नाही! पहिल्या आठवड्यात भाकरी करपली. म्हणाल्या, "बरी हाय." दुसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम करपवली, हो, मुद्दाम, तव्यासारखी काळी केली... चतकोर खाल्ली, ताट सरकवलं, "बरी हाय." सासू बोलत नाही म्हणून चुलीपुढे रडणारी सून पाहिलीय का तुम्ही कुठे? गोमाजीकाका तर खूश. म्हणाले, पोरी, तुझा पायगुण चांगला, वाडीत शांतता झाली. मी म्हटलं, काका, त्या जेवत नाहीत. तर म्हणतात कसे, कमरेचंच हाय ते!

आता कमरेचं झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी गवताचा भारा डोक्यावर घेताना लचक भरली. इंजेक्शनं झाली, मालिश झालं, सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात नेऊन बसवून झालं, तिथून त्या लालबुंद होऊन आल्या आणि कंबर होती तिथेच. मग कुठल्याशा डॉक्टरने जोरदार गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांच्या, बरं का! पंधरा दिवस घ्या आणि दाखवायला या. तर दाखवायला कोण जाणार? शुभमने काय करावं... ती चिठ्ठी मुंबईला नेऊन लॅमिनेट करून आणली! म्हणजे भिजायला नको, फाटायला नको. खिळ्याला टांगलेली असायची ती, आणि वाडीतलं जो कोणी महाडला जाईल तो ती घेऊन जायचा आणि गोळ्या आणायचा. पंधरा दिवसांच्या गोळ्या दोन वर्षं चालल्या. वर गोमाजीकाकांच्या गुडघ्याची एखादी, कुणाच्या मुलाने दुबईहून पाठवलेली एखादी... आमच्याकडे गोळी मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही, विरजणासारखी देतात. आणि गोळ्या वाढत चालल्या तशा सासूबाई कमी कमी होत चालल्या. हे मला दिसत होतं. मला एकटीलाच कसं काय दिसत होतं?

मग दिवाळीला शुभम येऊन गेला, त्यानंतर एकदा मी आमसुलाची बरणी उघडली. आमसुलं वर चार. खाली गोळ्या. सुट्या, पाकिटातून सोलून काढलेल्या, अर्धी बरणी. मी बरणी हातात धरून उभी, तर मागे सासूबाई. मी विचारलं, आई, ह्या कशाला? त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली, फळीवर ठेवली, आणि म्हणाल्या,

"असू दे. कदी लागल्या तर."

कधी लागल्या तर! सासऱ्यांना सांगितलं, ते म्हणाले, साठवायची सवयच हाय तिला, लग्नातल्या पिशव्या अजून ठेवल्यात. शुभमला फोन केला, तो म्हणाला, तू नवीन आहेस, तुला आई माहीत नाही, कमरेचंच आहे ते. म्हणजे त्याला मुंबईतनं दिसतंय आणि मला चुलीजवळून दिसत नाही! मग मी काय करणार? बरणी नजरेआड करायची तर त्यांना कळेल, ठेवायची तर मला धीर नाही. म्हणून दिवसातून चारदा आमसूल काढायच्या निमित्ताने बघून यायची, कमी झाल्या का, कमी झाल्या का... आता काढलेलं आमसूल टाकणार कुठे? आठवडाभर आमटी आंबट, भाजी आंबट, पिठलंसुद्धा आंबट. सासरे मुकाट्याने खायचे आणि माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने बघायचे.

एके दिवशी सकाळी सासूबाई उठल्याच नाहीत. जाग्या होत्या, डोळे उघडे, पण उठेनात. मी बरणी बघून आले, होत्या तेवढ्याच होत्या, आणि मला एकदम काय झालं कोण जाणे, मी अंगणात जाऊन सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, मला महाडला डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय. आईंना सोबत पाठवा." बस्, एवढंच. खोटं एक अक्षर नाही! तर ज्या माणसाने बायकोच्या कमरेसाठी दोन वर्षं एसटीचं वेळापत्रक सांगितलं, त्या माणसाने दहा मिनिटांत दारात जीप उभी केली. आणि सासूबाई उठल्या हो. माझ्यासाठी उठल्या. लुगडं बदललं, केस सारखे केले आणि जीपमध्ये माझ्या शेजारी बसल्या. रस्ता म्हणजे खड्डेच, प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडातून बारीक आवाज निघायचा, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात माझ्या पोटावर. स्वतःची कंबर सोडून माझं पोट धरलेलं! मी खिडकीबाहेर बघत बसले.

डॉक्टर नशरा माझ्या शाळेतल्या, माझ्यापेक्षा तीन वर्षं पुढे. मी आत गेले, सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, पेशंट ह्या. पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं... आता बोलतील, मला वाटलं, आता एकदाच्या बोलतील. नाही बोलल्या. डॉक्टरांनी कमरेचं विचारलं, मग झोपेचं, जेवणाचं, मग हळूच पेन खाली ठेवून विचारलं, मावशी, जगणं नकोसं वाटतं का?

"मरावं असं नाय वाटत," सासूबाई म्हणाल्या. "पन सकाळी उठली नाय, तरी चालंल असं वाटतं."

रोज सकाळी त्यांच्या हातात चहा देत होते मी. रोज.

डॉक्टर सांगत होत्या, दुखणं लांबलं की मन खचतं, मन खचलं की तेच दुखणं दुप्पट वाटतं, आणि त्यात या जोरदार गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की काहींचं मन आणखी बसतं. आधी काय आणि नंतर काय ते शोधत बसू नका, दोन्हीला औषध करू. जुन्या एकदम बंद करायच्या नाहीत, मी सांगेन तशा कमी करायच्या, त्या सुनेच्या ताब्यात. बरणी इथेच राहू दे. आणि ही नवीन, रोज रात्री एक, ही मनावरही काम करते आणि कमरेवरही. ऐकून मला वाटलं, दोन्हीकडे बघणारं आमच्या घरात हे पहिलंच आलं! सासूबाईंनी चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि दारात मला एकच सांगितलं, "घरी मनाचं काय बोलू नको. येडी म्हनतील."

घरी पोचतो तो सासरे उंबऱ्यात, गोमाजीकाका कुंपणापाशी, त्यांची बायको चिंचेची वाटी घेऊन. सगळे माझ्याकडे बघतायत. मी सासूबाईंकडे. आणि या बाई, ज्यांनी सहा महिन्यांत मला 'बरी हाय'पलीकडे वाक्य दिलं नव्हतं, त्या सगळ्यांपुढे म्हणाल्या, "जपायला सांगितलंय हिला. रोज राती एक गोळी हाय. मी देईन."

झालं! तेव्हापासून रोज जेवणं झाली की सासूबाई सगळ्यांदेखत माझ्या नावाने पाकीट काढतात, मला आत बोलावतात, आणि आत गेल्यावर स्वतः गिळतात. मी चिंच खाते. शुभमला मात्र फोनवर खरं सांगितलं. तो म्हणाला, ती लॅमिनेटवाली चिठ्ठी खिळ्यावरून काढून टाक. आता पाच आठवडे झालेत. कंबर दुखतेच, झोप लागते. परवा अर्ध्याऐवजी पूर्ण भाकरी खाल्ली. काल डॉक्टर म्हणाल्या, फरक पडतोय, पण मध्येच सोडू नका, निदान नऊ महिने घ्या.

नऊ! आणि इकडे सासऱ्यांनी माळ्यावरचा पाळणा उतरवून धुतलाय. मी काल आतल्या खोलीत सासूबाईंना म्हटलं, आई, नवव्या महिन्यात या सगळ्यांना दाखवायचं काय? त्यांनी गोळी गिळली, पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या,

"नऊ म्हैने लांब हायत गो. तवर तुमी दोगांनी काय ते बघा की."

आता बघतेय... शुभमला सुट्टी मिळते का ते.