पास देणाऱ्याकडं आधी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष बाळासो, व्यासपीठावरील मान्यवर, तालमीच्या फुटबॉल संघाचे आजी-माजी खेळाडू, जमलेले बंधू-भगिनी, आणि आज कोचपदावरून निवृत्त होणारे आपले हंबीरदादा, सर्वांना माझा नमस्कार. फुटबॉलच्या समारंभात मला बोलायला उभं केलंत, तेव्हा आता ऐकून घ्या.

मी संयोगिता, पिराजीची धाकटी बहीण. नव्या पोरांना पिराजी तालमीतल्या फोटोपुरताच माहीत. डावीकडून तो पास द्यायचा आणि मधे दादा गोल मारायचे. अख्खी पेठ म्हणायची, "पिऱ्यानं दिला की हंबीरनं मारलाच."

अठ्ठ्याण्णवच्या फायनललाही तसंच झालं. पोरांनी दादांना खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. आणि पिराजी कॉर्नरच्या झेंड्यापाशी पडला होता. त्याचं हृदय बंद पडलं होतं. गर्दीतून लोक पोचेपर्यंत सगळं संपलं.

त्यानंतर दादांनी खेळणं सोडलं. कोच झाले, तालमीला कप मिळवून दिले. मिरवणुकीत मात्र कायम मागं चालले, अंगाला गुलाल लागू दिला नाही. आपला गोल मारणारा नाचायचं सोडून पास देणाऱ्याकडं का पळतो, असं बाहेरगावचे पावणे हसत विचारतात. दादांचीच शिकवण ती. "आदी त्यो उभा हाय का बघा, मग नाचा." मला त्याचं हसू येत नाही. दरवेळी अंगावर काटा येतो. आताही मी बोलतेय आणि दादा डावीकडं बघतायत.

परवा दादांसाठी फेटा घ्यायला त्यांच्या पत्नी अनुजावहिनींबरोबर शाहूपुरीत गेले होते. दुकानात वहिनींचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "वन्सं, ह्ये अजून झोपंत इचारत्यात की. त्यानं गोल बघितला असंल का म्हणून."

दादा, एवढी वर्षं हे मनात घेऊन फिरलात? मला का नाही विचारलंत?

त्या दिवशी सगळं स्टेडियम गोलकडं बघत होतं. मी माझ्या भावाकडं बघत होते. त्यानं गोल बघितला, दादा. दोन्ही हात वर केले, हसला, आणि मग खाली बसला.

माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर बहिणीचं म्हणून पोटात घाला. शांतपणे ऐकलंत, सगळ्यांची आभारी आहे.

आता ते गुलालाचं ताट जरा इकडं द्या. त्या दिवशी पास देणाऱ्याकडं कुणी वेळेत पोचलं नाही. आज त्याच्या घरचं माणूस तुमच्याकडं आलंय. मान वर करा, दादा.