त्रेसष्ट राजीनामे

(पालम. सकाळची वेळ. पक्षाचे तालुकाध्यक्ष दिनकरराव यांच्या घराची ओसरी. समोर कार्यकर्त्या कडूबाई.)

दिनकरराव : तो कागद घडी घालून पिशवीत ठेवा, कडूबाई. मी पाहिलाच नाही असं समजतो.

कडूबाई : समजू नका, दादा. नीट बगा. एका कागदावर त्रेसष्ट राजीनामे हायेत. तालुक्यात आपले बूथवाले एकाहत्तर. म्हागं किती राहिले, तुमीच सांगा.

दिनकरराव : सोमवारी पंचायत समितीचे अर्ज भरायची शेवटची तारीख. आणि आज तुम्ही मला धमकी द्यायला आलात?

कडूबाई : धमकी कामून देऊ? सांगायलेय. तुमी म्हनता, तिकीट माझ्या पोराला, योगीराजला. तात्याराव म्हनतेत, माझ्या पुतण्याला, नागेशला. सहा वर्सं झाली, तुमी दोघं एका मांडवात बसला न्हाईत. आन गावोगाव आमी एकमेकाचे बॅनर फाडायलोत. एकाच पक्षाचे!

दिनकरराव : सुरुवात तात्यारावांनी केली. अध्यक्षपद माझ्याकडं आलं, ते त्यांना सहन झालं नाही.

कडूबाई : मुंजाजीचं डोकं फुटलं, त्याची सुरुवात कुनी केली?

दिनकरराव : तिकिटाच्या बैठकीत दगडफेक झाली, ते वाईटच झालं. मी परभणीला दवाखान्यात जाऊन आलो.

कडूबाई : आलात, धा वाजता. तात्याराव आले बारा वाजता, तुमी गेलात याची खात्री करून. मी तिथंच बसलेली व्हते. अठरा टाके पडलेला मानूस मला म्हनला, 'कडूबाई, दगड भागवतनं मारला. मागच्या इलेक्शनला आमी दोघं एकाच मोटरसायकलीवर फिरलोत.' भागवत तुमचा, मुंजाजी तात्यारावाचा. दोघांच्या सह्या हितं एकाखाली एक हायेत.

दिनकरराव : भागवतनं सही केली?

कडूबाई : सगळ्यात आधी त्यानं केली. रडत केली.

दिनकरराव : हे बघा, पक्षाला शिस्त असते. उमेदवार वरून ठरतो.

कडूबाई : वरचे येतेत का आमच्या गल्लीत मत मागायला? बावीस वर्सं दारोदार मी हिंडले. लोक मला इचारतेत, बाई, तुमच्यातच तकरार, आमचं काय भलं करनार? काय सांगू त्यांना?

दिनकरराव : पक्षातून काढून टाकीन मी तुम्हाला.

कडूबाई : काढा. त्रेसष्ट पत्रं लिहावी लागतील. आन ऑफिसात पत्रं लिहिनारा कारकून परमेश्वर बी सही करून बसलाय.

दिनकरराव : थांबा. दारात गाडी कोणाची आली?

कडूबाई : तात्यारावाची. मीच बलावलं.

दिनकरराव : माझ्या घरी? मला न विचारता?

कडूबाई : इचारलं असतं तर हो म्हनला असता का?

तात्याराव : (ओसरीवर येत) मला बी काई हौस न्हाई इथं यायची. ही म्हनली, आला न्हाईत तर कागद जिल्हाध्यक्षाकडं जाईल.

दिनकरराव : बसा म्हणणार नाही मी.

तात्याराव : उभाच बरा हाय. बोल कडूबाई, काय ते एकदाचं.

कडूबाई : योगीराज न्हाई, नागेश बी न्हाई. उमेदवार बूथवाले ठरवतील. उद्या, मार्केट यार्डात, सगळ्यांसमोर हात वर करून.

तात्याराव : म्हंजे तुला उभं राहायचंय.

कडूबाई : माझं नाव निघालं तर मीच खोडीन. मला तिकीट नको. मला माझा पक्ष पायजे.

दिनकरराव : ऐकलंत, तात्याराव? ही बाई आपल्याला अक्कल शिकवणार आता!

कडूबाई : 'आपल्याला' म्हनलात. लय बरं वाटलं ऐकून.

तात्याराव : हसू नको. काल नागेश मुंजाजीच्या घरी गेला व्हता. मुंजाजीच्या बायकोनं दारातूनच वापस पाठवलं. पानी बी इचारलं न्हाई.

दिनकरराव : भागवत आठ दिवस झाले माझ्याकडं फिरकला नाही. मला वाटलं, आजारी असेल.

कडूबाई : आजारी न्हाई. मुंजाजीच्या दारासमोर जातो आन तसाच वापस येतो. आत जायची हिंमत व्हईना त्याची.

दिनकरराव : योगीराजनं पोस्टरसुद्धा छापलेत. त्याला मी काय सांगू?

तात्याराव : मी नागेशला सांगीन तेच.

दिनकरराव : उमेदवार बूथवाले ठरवतील, हे वर मी एकटा कळवणार नाही. तुमची सही लागेल.

तात्याराव : करीन. आधी तुमची.

कडूबाई : सह्या ऑफिसात करा. आदी मुंजाजीच्या घरी चला, दोघं मिळून. वाटंत भागवतला बी घ्या. गल्लीनं बगू द्या.

दिनकरराव : त्यांच्या गाडीत मी बसणार नाही.

तात्याराव : मी बी तुमच्या गाडीला हात लावनार न्हाई.

कडूबाई : मी आले ती आश्रुबाची रिक्षा दारात हाय. बसा तिच्यात.

दिनकरराव : आणि तुम्ही?

कडूबाई : भागवतला जागा नको का? मी येते चालत.

तात्याराव : चला मग... सरक की जरा, दिनकर.