मोठ्या नंबरचं कार्ड

तुम्ही हसाल, पण परवा माझ्या शहाणपणापायी वरच्या मजल्यावरच्या सईचं सबमिशन बुडणार होतं.

सई आर्किटेक्चरला आहे. दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजात कॉम्प्युटरवर इमारत आतून फिरवून दाखवायची होती, आणि तो मेला सारखा अडकत होता. जवळच्याच मुनिरकातल्या मैत्रिणीने तिला दोन जुनी, स्वस्तातली ग्राफिक्स कार्डं दिली होती. एक ठेव, एक परत दे.

जिन्यात मी विचारलंच, "नंबर काय गं त्यांचे?"

"एक साडेसातशे, एक हजार तीस."

"मग विचार कसला? मोठं ठेव."

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये, सरकारी क्वार्टरांत तीस वर्षं काढली मी. इथे ज्याच्या क्वार्टरच्या टाइपचा नंबर मोठा, तो साहेब मोठा. सईनेही ऐकलं बिचारीने, आणि छोट्या नंबरचं परत देऊन आली.

संध्याकाळी रडवेली होऊन आली. "काकू, दार उघड म्हटलं की इमारत विचारच करत बसते! ते छोट्या नंबरचं जुनं असलं तरी जास्त पळतं म्हणे."

चूक माझी, म्हणून दुखरे गुडघे घेऊन मीही गेले तिच्याबरोबर मुनिरकाला. चार मजले चढून कार्ड बदलून आणलं. घातल्याबरोबर इमारत पळायला लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

खाली आमच्या घरी आलो, तर आमचे हे साहेबाच्या नावाने कुरकुरत नुकतेच ऑफिसातून येऊन बूट काढत होते. सईने सगळं सांगितलं.

"म्हणजे नंबर मोठा, पण काम कमी?"

"बिल्कुल, काका."

ह्यांनी दुसरा बूट काढला. "तुझं बरंय पोरी. तुला बदलून तरी मिळालं."