सात होड्या, सहा शिडं

आमी भोई मानसं, इंदापुराकडची, उजनीच्या पान्याकाठची. बापाची होडी, आन् मी नि माझा थोरला भाऊ धोंडिबा जाळी वढायला. मी बारा वर्साचा आसंन, वारं सुटलं, होडी पालथी झाली, मी बापाच्या हाताला लागलो, धोंडिबा न्हाई लागला. तवापास्नं पान्याचं भ्या बसलं ते बसलंच. आन् फौजेत गेलो तर तितंबी होड्याच दिल्या हातात. सतरा वर्सं चालवल्या, रोज भिऊन चालवल्या, कुनाला सांगितलं न्हाई.

आता हितं चंदीगडला हाय. पोरगा नॉलेज सिटीत लॅबमंदी कामाला, त्याच्याकडं ऱ्हातो, आन् दर रैवारी तळ्यावर पोरांच्या शिडाच्या होड्यांवर नजर ठिवत मोटारबोटीत बसतो. एका होडीत एक पोर, एक शीड. सात पोरं, त्यात माझी नात गार्गी, अकरा वर्साची, मराठी समदं कळतं तिला, बोलती हिंदी. मी पोरं मोजत न्हाई, शिडं मोजतो, लांबनं डोकी कुठं दिसत्यात? सात हाईत, सात हाईत, आसं तोंडातल्या तोंडात चालूच.

पाखरांचं शिकवलं तेबी मीच. पल्याडच्या गवतात टिबुकली ऱ्हाती, बदकापरास बारकी, पान्यावर तरंगतं घरटं करती. म्हनलं, तिच्याजवळ गेलात तर शीड खाली घ्या, फडफडलं की अंडी टाकून पळती. आन् मोटार तिकडं न्यायची न्हाई, लाटंनं घरटं बुडतं. पोरं म्हनली, पक्का, आबा.

त्या रैवारी कसौलीकडनं वारं आलं, डोंगरातनं उतरतं ते सांगून येत न्हाई. मी मोजलं, सहा. पुन्यांदा मोजलं, सहाच. गार्गीचं निळ्या पट्ट्याचं न्हाई. काय सांगू तुमाला, तिच्या अंगात तरंगायचं जाकीट हाय हे ठावं व्हतं वो मला, पन उलट्या होडीखाली पोर अडकलं तर जाकीट काय करनार? दोरी वढली तरी मोटार लागंना, तिसऱ्यांदा लागली, आन् मी फुल सोडली. वाटंत मला गार्गी दिसतच नव्हती, धोंडिबा दिसत व्हता.

गवताच्या आड होडी सुलटी. शीड गुंडाळलेलं, आन् पोरगी होडी वाऱ्याला आडवी धरून बसलेली, घरट्याला लाट लागू नये म्हनून. मला बघून दोनी हात हालवाया लागली, आबा, रुको, बंद करो! बंद केली वो मी. पन मागची लाट थांबती व्हय? तिच्या होडीखालनं गेली, घरटं एका अंगाला कललं. चार अंडी व्हती, एकामागं एक पान्यात गेली. टिबुकली लांब जाऊन वरडत ऱ्हायली.

गार्गी रडली न्हाई. आपने ही तो सिखाया था, येवढंच म्हनली. रडलो मी. पोरगी जिती हाय म्हनून का अंड्यांपायी, ते मलाच कळंना.

आता नवा कायदा केलाय, शीड खाली घ्यायचं तर वल्हं उभं धरायचं. धरत्यात पोरं. तरी वल्हं दिसंस्तोवर माझा हात मोटारीच्या दोरीकडं जातोच, मंग दुसऱ्या हातानं त्यो धरून बसतो. सून म्हनती, आबा, सोडा आता ते. सोडून घरात बसलो तर भ्या काय कमी व्हनार हाय?

औंदा टिबुकलीनं पुन्यांदा घरटं केलंय म्हनं, गार्गीच म्हनली. कुठं, ते मातर मला सांगत न्हाई. नगं सांगू, पोरी. सुखी ऱ्हा.